आहेराची पाकिटे

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळले नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आले ते सहीपुरते आणि किराण्याच्या यादीपुरते. हे कोणाच्या हाती लागलेच तर चुकांबद्दल माफ करावे. तसे लागू नये अशीच माझी इच्छा आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, घशाशी आलेले परत गिळायची सवय आहे. त्या सवयीपायी आमच्या घरात काय झाले ते लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मुलीचे लग्न होऊन आता चार वर्षे होत आली. सासर खडकीचे. व्याही दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माणूस मोजके बोलणारा. लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा ठरला होता. माझ्या दिराने काही पैसे देतो म्हणून सांगितले होते, पण लग्नाच्या दिवशी त्याचा फोन बंद. त्यात जेवणाची पाने वाढली. शेवटी हॉलच्या ऑफिसात हिशेब झाला तेव्हा आमच्या वाट्यात ऐंशी हजार कमी पडले. आमचे हे घामाघूम झाले. व्याह्यांनी चेकबुक काढले आणि म्हणाले, "सवडीने द्या. आत्ता मुलीची पाठवणी आहे, तिकडे बघा." मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

बँकेचे कर्ज असते तर मला एवढी धास्ती वाटली नसती. बँकेचा माणूस फार तर दारात येऊन ओरडेल. इथे आमची मुलगी त्यांच्या घरात राहणार होती, त्यांच्या ताटात जेवणार होती. पहिल्या दिवसापासून मी तिच्या फोनवर कान ठेवून असे. ती काय बोलते यापेक्षा कुठे थांबते ते ऐकायची. एकदा विचारले, "आज काय केलंस जेवायला?" ती म्हणाली, "काही नाही गं, रात्रीचं उरलं होतं तेच संपवलं." झाले, माझा दिवस गेला. हिलाच का शिळे? की सगळ्यांनी खाल्ले? की सगळ्यांनी ताजे खाल्ले आणि हिला सांगितले, तू ते संपव?

"तुझ्या सासूबाई काही म्हणतात का गं?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"आई, तू फार विचार करतेस. मम्मी चांगल्या आहेत."

सासूला मम्मी म्हणते, मला आई. त्यातही मला काहीतरी दिसायचे.

हे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. कर्वेनगरमधल्या सोसायट्यांतून मुले उचलायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. मी घरी साड्यांना फॉल लावते. कसब्यातला एक दुकानदार गठ्ठा देतो, आठवड्याने मी तयार साड्या पोचवते. घर व्हॅनवर चालते. फॉलचे पैसे साठवून मी कर्ज फेडायचे, असे आमचे ठरले. हे व्याह्यांसमोर जायला लाजायचे. "तू विहीणबाईंच्या हातात देत जा. बायका बायका बघून घ्या," म्हणाले.

पण मुलीच्या घरी कारणाशिवाय जायचे कसे? मी सणावाराची वाट बघायची. पहिली मंगळागौर आली तेव्हा पाच हजार जमले होते. नोटा रुमालात बांधल्या, पण विहिणीच्या हातावर असा रुमाल सोडायचा म्हणजे उसनवारीवाली वाटते. साड्या द्यायला कसब्यात गेले होते, तिथे शेजारच्या कागदाच्या दुकानात आहेराची पाकिटे लटकत होती, वर रुपयाचे नाणे चिकटवलेले. त्यातले एक घेतले. पैसे आत घातले आणि कोपऱ्याला हळदकुंकू लावले. देताना खाली बघूनच म्हणाले, "हे ठेवा."

"अहो, कशाला!" विहीणबाई म्हणाल्या.

"नाही, घ्यायलाच हवं."

त्यांनी पाकीट उघडले नाही, मोजले नाही. देवापुढे नेऊन ठेवले, मला हळदकुंकू लावले आणि माझी ओटी भरली. ओटीत साडी होती.

घरी येऊन साडी उलगडली आणि पदर चिमटीत धरून बघितला. मी रोज साड्या हाताळते, कापडाला हात लावला की किंमत कळते. अडीच हजारांच्या खाली नव्हती. ज्या बाईचे आपण ऐंशी हजार देणे लागतो ती आपल्याला अडीच हजारांची साडी का देते? पाच हजार नेले आणि निम्मे अंगावर पांघरून आले, असे झाले. मला वाटले, हा टोमणा आहे. तुमचे पाच हजार आमच्या ओटीबरोबरचे, असे दाखवायचे आहे.

मग असेच चालू राहिले. दिवाळी, संक्रांत, डोहाळजेवण, नातवाचे बोरन्हाण. दर वेळी पाकीट, दर वेळी "अहो कशाला", आणि दर वेळी त्या न मोजता देवापुढे ठेवणार. न मोजणे मला सगळ्यात जास्त खुपायचे. उद्या चारच हजार होते म्हणाल्या तर मी काय करणार? साड्या मात्र येतच राहिल्या. पहिली मी ह्यांना दाखवली. नंतरच्या दाखवल्या नाहीत. हे म्हणाले असते, हप्ता द्यायला जातेस की खरेदीला? म्हणून ट्रंकेत तळाशी घातल्या, घडीसुद्धा मोडली नाही.

विहीणबाई जितक्या गोड, तितके व्याही कोरडे. मी गेले की पेपर थोडा खाली करायचे. "काय विहीणबाई, बरं आहे ना? व्हॅन चालू आहे ना?" एवढे विचारून पेपर परत वर. मी घरी येऊन सांगायची, "व्हॅन चालू आहे का म्हणून विचारतात. म्हणजे कमाई आहे, तरी एवढेच देता का, असं."

हे म्हणायचे, "साधं विचारलं असेल गं."

"त्या माणसाने आयुष्यात साधं काही विचारलंय का?"

नऊ पाकिटे झाली, म्हणजे पंचेचाळीस हजार. माझ्या हिशेबाने निम्म्याच्या वर फिटले होते. आणि तेव्हाच व्हॅनने मान टाकली.

तिला पंधरा वर्षे होत आली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पासिंगला न्यायची म्हणून ह्यांनी मेकॅनिकला दाखवली. तो खाली वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, हिला आता हार घाला."

"म्हणजे?"

"खालचा पत्रा गेलाय, इंजिनाचं काम निघतंय. मी करून देईन, पण पासिंगवाला हो म्हणणार नाही. मुलांची गाडी आहे. माझ्या ओळखीत एक गाडी आहे, सिंगल हँड, एकाच मालकाने वापरलेली, बघता का?"

मी शेजारीच उभी होते. तो 'माझ्या ओळखीत' म्हणाला तिथेच माझा संशय पक्का झाला. आजारही हाच सांगणार आणि औषधही हाच विकणार. मी ह्यांना दुसऱ्या गॅरेजात न्यायला लावले. दुसऱ्याने टॉर्चसुद्धा मारला नाही. दरवाजा उघडून बंद केला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "भंगारात." त्याच्याही ओळखीत एक गाडी होती. मला वाटले दोघे एकमेकांना फोन करत असणार.

पण पासिंगलाही तेच सांगितले. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दुसरी गाडी हवी, नाहीतर मुलांचे पालक दुसरी व्हॅन बघणार. आणि एकदा गेलेले मूल परत येत नाही. फायनान्सवाल्याने हसून हसून चहा पाजला आणि सांगितले, आधी सव्वा लाख रोख भरा. त्याच्या हसण्यावरही माझा विश्वास नव्हता, पण आकडा खरा होता.

हे दोन दिवस आकडेमोड करत होते. मग म्हणाले, "मी खडकीला जाऊन येतो. व्याह्यांना हात जोडतो. वर्षभर आपला हप्ता थांबवा म्हणतो. तेवढ्यात गाडी उभी राहील."

मी नको म्हणाले. माझी मुलगी तिथे होती. पण माझे नको इतके हळू असते की ते कोणाला ऐकू जात नाही.

संध्याकाळी हे परत आले. चप्पल न काढता घरात आले, तिथेच मला कळले. पाणी दिले ते घेतले नाही.

"मी म्हटलं, हप्ते जरा थांबवूया का. काय म्हणाले माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाले, थांबवायला आधी सुरू तर व्हायला हवेत."

मला काहीच समजेना.

"एक रुपया मिळालेला नाही म्हणतात. तीन वर्षांत एक रुपया नाही. मी म्हटलं बायको देते. तर म्हणाले, असेल, पण माझ्या घरी नाही आले. मी तिथे बसलो होतो आणि आपली पोरगी माझ्यासमोर चहा ठेवत होती. कळतं का तुला?"

मग त्यांनी माझ्याकडे असे बघितले, जसे मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे बघत आले. "तुझ्या भावाला दिलेस का? खरं सांग, मी काही म्हणणार नाही."

मी नाही नाही म्हणत राहिले. त्यांनी कपाट उघडले, डबे हलवले, शेवटी ट्रंक उपसली. तळातून त्या साड्या निघाल्या, दुकानाच्या घड्यांसकट. ह्यांना दाखवलेली पहिलीही त्यातच होती. चार साड्या त्यांनी खाटेवर टाकल्या.

"हे काय आहे?"

"विहीणबाईंनी दिल्या."

"सगळ्या?"

"हो."

"कशासाठी? त्यांचे पैसे बुडवल्याबद्दल?"

मला रडूही आले नाही. सत्य होते, पण मलाच ते ऐकायला खोटे वाटत होते. मी मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून ह्यांच्या हातात दिला.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई देते की पाकीट. मी स्वतः बघितलंय. मम्मी देवापुढे ठेवतात."

"मग पुढे?"

"पुढे काय? मला वाटलं आईने त्यांना सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"की कशाचे आहेत ते."

हे फोन हातात घेऊन बसून राहिले. माझ्याबद्दलची त्यांची शंका गेली की नाही ते मला त्या दिवशी कळले नाही. माझ्या शंकेने मात्र जागा बदलली. आता मला खात्री होती की विहीणबाईंनी पैसे खाल्ले. गोड बोलून, साड्या देऊन, नवऱ्यापासून लपवून. वाटले, म्हणूनच मोजत नव्हत्या. चोर कशाला साक्षीदारासमोर मोजेल?

रविवारी आम्ही दोघे बसने खडकीला गेलो. साड्यांची पिशवी मी मांडीवर घट्ट धरली होती. वाटेत वाक्ये पाठ करत होते. जावई बाहेर गेले होते. व्याही पेपर वाचत होते, विहीणबाई नातवाला भात भरवत होत्या. मुलगी दारात उभी होती. पाठ केलेले सगळे मी विसरले. पिशवी दिवाणावर ठेवली आणि साड्या काढून मांडल्या.

विहीणबाईंचा हात भातातच थांबला. "हे काय? आवडल्या नाहीत का?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"अहो, आहेर परत करतात का कोणी? काय चुकलं माझं?"

तेव्हा कुठे माझ्या तोंडून आवाज निघाला. "तुम्ही आमचे पैसे व्याह्यांना का दिले नाहीत?"

"कसले पैसे?"

"पाकिटातले. हप्त्याचे."

"कसला हप्ता?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ह्या कसल्या हप्त्याचं बोलतायत?"

व्याह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. घडी नीट बसेपर्यंत बोलले नाहीत. मग सांगितले, हॉलवर ऐंशी हजार त्यांनी भरले होते, आणि बायकोला सांगितले नव्हते.

"मला सांगितलं नाहीत? ऐंशी हजार?"

"तुला सांगितलं असतं तर हिला," त्यांनी माझ्या मुलीकडे मान केली, "पहिल्या दिवसापासून ऐकावं लागलं असतं. निम्मा-निम्मा म्हणजे निम्मा-निम्मा, असं लग्नाच्या आधी कोण रोज म्हणत होतं?"

विहीणबाईंनी भाताची वाटी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हळदकुंकू लावून, वर रुपया घालून, मंगळागौरीला, बोरन्हाणाला. विहीणबाई, असा हप्ता कोण देतं हो? मी आहेर समजले. आहेर घेतला की परतीचा द्यायला नको? म्हणून साड्या घेतल्या. एवढ्याशा संसारातून सणाला पाच-पाच हजार देतात म्हणून माझ्या बहिणींना सांगत होते, विहीण मिळावी तर अशी."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

मी तीन वर्षे त्यांच्या गोड बोलण्यात विष शोधत होते. आणि ज्या कोरड्या माणसाचा मला संशय होता त्याने माझ्या मुलीसाठी स्वतःच्या घरात गोष्ट लपवली होती. ते व्हॅनचे विचारायचे ते खरेच व्हॅनचे विचारत असावेत. तरी सगळे खरे मानायला मन तयार होईना. मी विचारले, "मग बाकीचे पैसे कुठे आहेत?"

"आई!" मुलगी म्हणाली.

"विचारू दे," विहीणबाई म्हणाल्या. "बाकीचे ह्याच्या नावाने पोस्टात टाकलेत. आजीने दिलेले म्हणून. बघायचंय का?" आणि नातवाचे भाताने भरलेले तोंड पुसले.

व्याही म्हणाले, "माझ्या हातात आले नाहीत, पण घरात आले. म्हणजे मला मिळाले. पंचेचाळीस वजा. विषय संपला."

"साड्यांचे नको," मी म्हणाले. "साड्या दहा हजारांच्या आहेत. ते वजा करू नका."

"राहू द्या हो."

"करू देत की," विहीणबाई म्हणाल्या. "हिशेबच करायचाय ना? मग पुरता करा. उगीच कोणाच्या मनात काही राहायला नको."

म्हणजे पस्तीसच फिटले आणि फेडायचे पंचेचाळीस हजार उरले. साड्या परत माझ्या पिशवीत आल्या. निघताना त्यांनी मला हळदकुंकू लावले, पण बोट कपाळाला टेकले न टेकले.

बसमध्ये मी ह्यांना म्हणाले, "आधी हे फेडू. गाडी नंतर."

"आणि खायचं काय?"

मला माहीत नव्हते. एवढे माहीत होते की विहीणबाईंना आता सगळे कळले आहे. त्या बाहेरून कितीही चांगल्या असल्या तरी माणूस भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना बोलून जातो. ते मुलीलाच ऐकावे लागणार. हप्ता जितके महिने चालेल तितके महिने.

व्हॅन भंगारात दिली. भंगारवाला बॅटरी आणि टायर धरून तीस हजार म्हणाला. मी वर चढून सीटखालून चार पाण्याच्या बाटल्या आणि कोणाचा तरी एक मोजा काढून घेतला. त्याने नोटा ह्यांना दिल्या, ह्यांनी मोजल्या, मी परत मोजल्या, आणि तरी एक नोट उजेडात धरून बघितली. भंगारवाला म्हणाला, "ताई, घरी छापत नाही हो." हे कितीतरी दिवसांनी हसले.

ते तीस हजार गाडीच्या बुकिंगला टाकावेत असे ह्यांना आतून वाटत होते. फायनान्सवाल्याचा फोन रोज येत होता. सकाळी ह्यांनी पैसे खिशात घातले आणि न सांगता बाहेर पडले. दुपारपर्यंत मी त्या माणसाच्या ऑफिसातला चहा डोळ्यांसमोर बघत बसले. हे आले आणि म्हणाले, "खडकीला दिले. व्याह्यांच्या हातात." माझा विश्वास बसला नाही. मी मुलीला फोन करून विचारले. हे समोर बसून होते, त्यांनी विचारू दिले.

जूनमध्ये हे दुसऱ्याच्या व्हॅनवर पगारी लागले. आपलीच मुले, पण गाडी दुसऱ्याची. मालकाला गाडीत एक बाई हवी होती, मुलांना चढवायला-उतरवायला. ती मी झाले. पहिले काही दिवस मुले "काकांची बायको" म्हणायची, मग मावशी. मुलांशी बोलायला मला लाज वाटत नाही, हे मला तेव्हा कळले. संध्याकाळी फॉल. महिन्याला अडीच हजार बाजूला पडू लागले. ते मी स्वतः नेऊन द्यायची. साधे पैसे, रबर लावलेले. दर वेळी व्याह्यांना म्हणायची, "मोजून घ्या." आणि समोर बसायची. विहीणबाई चहा करायच्या, बशीत बिस्किटे द्यायच्या आणि आत जायच्या. ओटी बंद झाली. फोनवर मी मुलीला विचारायची, "काही म्हणाल्या का?" ती म्हणायची, "नाही." मला ते नाही कधी खरे वाटायचे, कधी नाही.

शेवटच्या खेपेला आम्ही दोघे गेलो. व्याह्यांनी थुंकी न लावता, सावकाश, एकेक नोट टेबलावर ठेवत मोजली. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. दोन नोटा चिकटल्या तर कमी भरतील आणि परत सगळे सुरू होईल, असे वाटत होते. त्यांनी गठ्ठा उलटा करून परत एकदा मोजला. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बरोबर आहेत," व्याही म्हणाले. "ऐंशी पूर्ण. आता तुमचं आमचं काही देणं नाही."

"मम्मींना सांगा," मी म्हणाले. मला म्हणायचे होते विहीणबाईंना, पण घाईत मुलीच्या नात्याने आले.

"ऐकलं मी," त्या दारातून म्हणाल्या. "फिटले सगळे."